अ‍ॅक्रिलिकमध्ये टिकणारे आटे कसे पाडावेत: ड्रिलच्या धारेपासून स्क्रू आवळेपर्यंत

अ‍ॅक्रिलिकला आटे पाडताना शीट सहसा तिथल्या तिथे फुटत नाही. टॅप (भोकात आटे कापणारं हत्यार) आत जातो, स्क्रू बसतो, काम झाल्यासारखं वाटतं. मग आठ-पंधरा दिवसांनी भोकाभोवती अगदी बारीक, उजेडात चंदेरी चमकणाऱ्या चिरा दिसू लागतात आणि एक दिवस स्क्रूसकट कोपरा निघून येतो. सगळे टॅपला दोष देतात. पण कारण बहुतेक वेळा टॅपच्या आधी किंवा नंतर घडलेलं असतं: ड्रिल करताना तापलेलं भोक, स्पिरिटने पुसलेली कड, गरजेपेक्षा जास्त आवळलेला स्क्रू. त्यामुळे इथे टॅप फिरवण्यापेक्षा त्याच्या आगेमागे होणाऱ्या कामांबद्दल जास्त लिहिलं आहे.

उदाहरणाला एकच काम घेऊ, म्हणजे मापं हवेत राहणार नाहीत. एक पारदर्शक शोकेस करायची आहे. भिंती १२ मिमी जाड शीटच्या, त्यांच्या वरच्या कडेत एम ४ चे (४ मिमी व्यासाच्या स्क्रूचे) आटे, आणि त्यावर ६ मिमीचं झाकण स्क्रूने बसणार. कडेत आटे पाडणं हे अ‍ॅक्रिलिकमधलं सगळ्यात नाजूक काम. ते जमलं की शीटच्या पृष्ठभागावरचं आरपार भोक त्यामानाने सोपं आहे.

आधी शीट ओळखा

बाजारात अ‍ॅक्रिलिक दोन प्रकारचं मिळतं, कास्ट आणि एक्स्ट्रुडेड. आटे पाडायचे असतील तर कास्टच घ्या. कास्ट शीट दोन काचांमध्ये ओतून तयार होतं, त्याच्या रेणूंच्या साखळ्या लांब असतात आणि ते उष्णतेला थोडं जास्त तोंड देतं. एक्स्ट्रुडेड शीट यंत्रातून दाबून काढलेलं असतं. ते स्वस्त असतं आणि त्याची जाडी सगळीकडे अगदी सारखी भरते, पण ड्रिलखाली ते लवकर मऊ होऊन धारेला चिकटतं, आणि त्याच्यात मुळातच थोडा ताण भरलेला असतो.

दुकानदाराला विचाराच, पण स्वतःही तपासा. एका तुकड्यात भोक पाडून बघा. कास्टचा कीस कोरडा पडतो, पांढऱ्या भुग्यासारखा किंवा सहज मोडणाऱ्या बारीक पट्ट्यांचा. एक्स्ट्रुडेडचा कीस लांब, दोरीसारखा निघतो आणि ड्रिलभोवती गुंडाळून घट्ट बसतो. कास्ट शीटच्या जाडीत फरक असतो, हेही ध्यानात ठेवा. १२ मिमी म्हणून घेतलेलं शीट सगळीकडे बरोबर १२ भरेलच असं नाही, त्यामुळे कडेची मध्यरेषा काढताना जाडी कॅलिपरने प्रत्यक्ष मोजा.

दोन आकडे माहीत असले की पुढच्या सगळ्या सूचनांमागचं कारण कळतं. अ‍ॅक्रिलिक साधारण १०५ अंश सेल्सियसला मऊ पडतं, आणि पोलादाच्या मानाने ते उष्णता शेकडो पटींनी कमी वाहून नेतं. म्हणजे ड्रिलच्या टोकाशी तयार झालेली उष्णता पसरत नाही, तिथेच साठते. भोकाची भिंत क्षणभर मऊ होते आणि थंड होताना आकसते. भोवतालचं शीट मात्र थंडच असतं, त्यामुळे भिंतीत ताण अडकून राहतो. आणि पोलाद तुटण्याआधी बरंच ताणलं जातं, तसं अ‍ॅक्रिलिक जात नाही, ते चार-पाच टक्क्यांच्या आसपास ताणलं की तुटतं.

कोणता स्क्रू, किती खोल

कडेत आटे पाडताना स्क्रूचा व्यास शीटच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नको. १२ मिमीला एम ४, १० मिमीला एम ३. ६ मिमी शीटच्या कडेत आटे पाडायचा विचार सोडून द्या, तिथे शेवटी दिलेला नटचा मार्ग चांगला. शीटच्या टोकापासून भोकाचं केंद्र निदान व्यासाच्या दुप्पट आत हवं. मी कोपऱ्याजवळ तिपटीपेक्षा कमी ठेवत नाही.

आटे नेहमीच्या जाड पिचचेच घ्या (पिच म्हणजे लगतच्या दोन आट्यांमधलं अंतर). बारीक पिचचे आटे धातूत घट्ट बसतात, पण अ‍ॅक्रिलिकमध्ये त्यांच्या पातळ कडा लगेच झडतात. स्क्रूची पकड व्यासाच्या दीडपट ते अडीचपट खोल असावी. त्याहून जास्त खोलीने फारसं काही साधत नाही, टॅप जास्त वेळ घासतो एवढंच.

टॅपआधीच्या भोकाचं माप धातूपेक्षा थोडं मोठं ठेवायचं. धातूच्या तक्त्यात एम ४ ला ३.३ मिमीचं ड्रिल असतं, त्याने पूर्ण उंचीच्या साधारण ७७ टक्के उंचीचे आटे पडतात. अ‍ॅक्रिलिकला ६० ते ६७ टक्के पुरतात. टॅपला कमी माल कापावा लागतो, कमी घासतो, कमी तापतो. मी वापरतो ती मापं अशी:

एम ३: २.६ मिमी (धातूला २.५)
एम ४: ३.४ मिमी (धातूला ३.३)
एम ५: ४.३ मिमी (धातूला ४.२)
एम ६: ५.२ मिमी (धातूला ५.०)
एम ८: ७.० मिमी (धातूला ६.८)

आपल्या शोकेसला एम ४ चा १६ मिमी लांबीचा स्क्रू घेऊ. ६ मिमी झाकण आणि साधारण १ मिमी वॉशर वजा जाता ९ मिमी स्क्रू कडेत जाईल. आटे १० मिमी खोल हवेत, भोक १५ मिमी खोल. खालचे ५ मिमी वाया गेल्यासारखे वाटतात, पण टॅपच्या निमुळत्या टोकाला आणि किसाला ती जागा लागते. शिवाय स्क्रूचं टोक भोकाच्या तळाला कधीच टेकता कामा नये. तळाला टेकलेला स्क्रू आणखी आवळला की तो आटे वर उपसतो आणि कड उभी चिरते.

हत्यारं

टॅप हायस्पीड स्टीलचा, ग्राउंड (ग्राइंडिंग करून काढलेल्या) आट्यांचा आणि नवा घ्या. चांगल्या कंपनीचा घ्यावा, टोटम किंवा अ‍ॅडिसनचे टॅप बहुतेक हार्डवेअरवाल्यांकडे मिळतात. मुंबईत नागदेवी स्ट्रीट आणि पुण्यात बोहरी आळी इथे सुटे टॅप आणि ०.१ मिमीच्या फरकाने ड्रिल बिट्स मिळतात. हातटॅपचा तीन नगांचा संच घेतला तर बंद (आरपार न जाणाऱ्या) भोकाला पहिला आणि दुसरा पुरतो, तिसऱ्याची गरज तळापर्यंत आटे हवे असतील तरच. मशीन टॅप घेणार असाल तर आरपार भोकाला पुढे कीस ढकलणारा स्पायरल पॉइंट, आणि बंद भोकाला कीस वर खेचणारा स्पायरल फ्ल्यूट. आटे न कापता दाबून तयार करणारा, खाचा नसलेला टॅप अ‍ॅक्रिलिकला अजिबात नको. तो माल बाजूला सारतो, आणि इथे तेच टाळायचं आहे.

हा टॅप फक्त प्लास्टिकसाठी ठेवा. एकदा पोलादात चालवलेल्या टॅपची धार डोळ्याला चांगली दिसते, पण अ‍ॅक्रिलिकमध्ये ती कापण्याऐवजी घासते. डबीवर तसं लिहून ठेवलं की घरातलं दुसरं कोणी तो उचलणार नाही.

ड्रिल बिटवर मात्र थोडं काम करावं लागतं, आणि सगळ्या लेखातली सगळ्यात उपयोगी गोष्ट हीच आहे. साधा ड्रिल बिट मालात चावत पुढे घुसतो. अ‍ॅक्रिलिकमध्ये तो अचानक खेचला जातो आणि बाहेर पडताना शंखाच्या आकाराची कपची उडवतो. यावर उपाय पितळेचं काम करणाऱ्या टर्नरांना ठाऊक आहे: धार मोडायची. बारीक ऑइल स्टोन किंवा डायमंड कानस ड्रिलच्या अक्षाला समांतर धरून दोन्ही कापणाऱ्या ओठांवर अर्धा मिमीपेक्षाही अरुंद अशी सपाट पट्टी काढायची. दोन-तीन हलके घासे पुरतात, फक्त दोन्ही बाजूंना सारखे. आता ड्रिल चावत नाही, खरवडतो. भोकातून बाहेर पडतानाही तो शांतपणे पडतो.

याशिवाय बेंच ड्रिल, टॅप हँडल, गुण्या, दोन सरळ लाकडी फळ्या, मऊ ब्रश, आणि साबणपाणी एवढं जवळ असू द्या.

भोक पाडणे

शीटवरचा कागद किंवा फिल्म काढू नका. त्यावरच मध्यरेषा आणि केंद्रं आखा. केंद्रावर सेंटर पंच ठोकायचा नाही. हातोडीच्या त्या एका टोल्याने खाली डोळ्यांना न दिसणारी चीर पडते आणि पुढे भोक तिथूनच फुटतं. त्याऐवजी टोकदार सुईने खूण करा आणि सेंटर ड्रिल हाताने दोन-चार वेळा फिरवून लहानसा खळगा करा.

कडेतल्या भोकासाठी शीट उभं धरावं लागतं. दोन फळ्यांमध्ये ते सँडविच करून व्हाइसमध्ये पकडा, शीटची कड फळ्यांच्या वरच्या बाजूशी समतल. फळ्यांमुळे कडेच्या दोन्ही अंगांना आधार मिळतो आणि ड्रिल भरकटलं तर लगेच दिसतं. शीट ड्रिलच्या काटकोनात आहे का, ते गुण्याने दोन्ही दिशांनी बघा. १२ मिमीच्या कडेत ३.४ मिमीचं भोक मधोमध असेल तर दोन्ही बाजूंना चार मिमीच्या थोडाच वर माल उरतो. भोक जरा तिरपं गेलं तर तळाशी एका बाजूची भिंत बारीक होते.

३.४ मिमीच्या बिटला मिनिटाला हजार ते दीड हजार फेरे ठीक आहेत. दाब हलका पण सतत ठेवा. अनेक जण भीतीने दाब इतका कमी ठेवतात की बिट कापत नाही, नुसता एका जागी फिरतो, आणि तसा फिरणारा बिटच जास्त तापवतो. तीन-चार मिमी गेलं की बिट पूर्ण बाहेर काढा, कीस ब्रशने झाडा, बिट साबणपाण्यात बुडवलेल्या ब्रशने ओला करा, पुन्हा आत. हातातलं विजेवरचं ड्रिल वापरत असाल तर पाणी शिंपडू नका, ब्रशच वापरा. आरपार भोक असेल तर खाली अ‍ॅक्रिलिकचाच टाकाऊ तुकडा घट्ट दाबून लावा आणि शेवटच्या मिलिमीटरला दाब अर्धा करा.

पहिलं भोक झालं की थांबा आणि त्याच्याकडे बाजूने, उजेडासमोर धरून बघा. अ‍ॅक्रिलिकची ही मोठी सोय आहे, आतलं सगळं दिसतं. चांगल्या भोकाची भिंत वरपासून खालपर्यंत सारखी मंद, दुधी दिसते आणि बिटच्या फिरण्याच्या बारीक रेघा एकसारख्या असतात. मध्येच एखादा चकचकीत पट्टा दिसला किंवा किसाची वितळलेली गाठ भिंतीला चिकटलेली असली, तर तिथे माल वितळून पुन्हा गोठला आहे. काम करताना गोडसर उग्र वास आला असेल तर तोही याच कारणाने. अशा भोकात टॅप घालू नका. आधी वेग कमी करा, बिट लवकर लवकर बाहेर काढा आणि टाकाऊ तुकड्यावर जमेपर्यंत करून बघा.

लेझर कटिंगवाल्याकडून भोकं पाडून आणणाऱ्यांसाठी: लेझरच्या भोकाची भिंत वितळूनच तयार झालेली असते. ती चकचकीत दिसते, तिच्यात भरपूर ताण असतो, आणि जाड शीटमध्ये ती थोडी निमुळतीही असते. तिथे थेट टॅप घालायचा नाही. एम ४ साठी लेझरने २ मिमीचं भोक मागवा आणि ते ड्रिलने ३.४ पर्यंत वाढवा. जळका थर निघून जातो आणि जागेची अचूकता लेझरचीच राहते.

टॅप फिरवणे

भोकाचं तोंड काउंटरसिंक बिटने हातानेच थोडं उघडा, चार मिमीहून जरासंच मोठं. पहिला आटा अगदी पृष्ठभागाशी असला की स्क्रू आवळताना तिथलीच कड उचलली जाते.

टॅप सरळ जाणं महत्त्वाचं आहे आणि हातावर विसंबू नये. बेंच ड्रिल असेल तर त्याच्या चकमध्ये टॅप पकडा, मशीनचा प्लग काढा आणि चक हाताने फिरवा. शीट भोक पाडताना होतं तसंच, न हलवता. बेंच ड्रिल नसेल तर अ‍ॅल्युमिनियमच्या किंवा कठीण लाकडाच्या २० मिमी जाड ठोकळ्यात काटकोनात ४ मिमीचं भोक पाडून तो मार्गदर्शक म्हणून वापरा. पहिले तीन-चार फेरे तो टॅपला सरळ धरतो.

टॅपला साबणपाणी लावा. भांडी घासायच्या द्रवसाबणाचे दोन थेंब वाटीभर पाण्यात, एवढंच. कटिंग ऑइल, गंज सोडवणारे स्प्रे, थिनर, पेट्रोल, स्पिरिट यांपैकी काहीही नको. यातली काही द्रव्यं ताण असलेल्या अ‍ॅक्रिलिकला लागताच चिरा पाडतात, काही उशिरा पाडतात, आणि डब्यावर वाचून कोणतं कसं वागेल ते कळत नाही. बंद भोकात साबणपाणीही टॅपवरच लावा, भोकात ओतू नका. तळाशी पाणी साठलं आणि वरून टॅप उतरला तर पाण्याला जायला वाट नसते, आणि तो दाब कड फोडू शकतो.

आता अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. मागे फिरवताना कीस तुटल्याची हलकी ‘कट’ बोटांना जाणवते. ती जाणवली नाही, टॅप रबरात फिरल्यासारखा लागला, तर कीस मऊ होऊन खाचांत भरला आहे. जोर न करता पूर्ण बाहेर काढा. एरवीही दर दोन-तीन फेऱ्यांनी टॅप बाहेर काढून ब्रशने साफ करायचा आणि पुन्हा ओला करायचा. हे कंटाळवाणं आहे, पण इथे घाई केली की आट्यांची टोकं फाटतात. पहिला टॅप १५ मिमीच्या तळाला टेकायच्या थोडं आधी थांबवा, म्हणून त्यावर मास्किंग टेपची खूण लावा. मग दुसरा टॅप, त्याच पद्धतीने. तो पहिल्याच्या आट्यांत हाताने बसवून सुरू करा, नाहीतर आट्यांवर आटे पडतील.

आत बघितलं तर चांगले आटे स्वच्छ, धारदार आणि सारख्या उंचीचे दिसतात. टोकं पांढुरकी, चुरगळलेली दिसली तर टॅप बोथट आहे.

धुणे आणि ताण काढणे

आटे कोमट साबणपाण्याने आणि मऊ ब्रशने धुवा, साध्या पाण्याने खळबळा, हवेवर वाळू द्या. काच पुसायचे अमोनियावाले द्रव आणि सॅनिटायझर यांपासून दूर ठेवा.

साधी शोकेस असेल तर इथून पुढे थेट जोडणीला गेलं तरी चालतं. पण वस्तू उन्हात राहणार असेल, दाब सोसणार असेल, किंवा भिंती द्रव सॉल्व्हंटने चिकटवायच्या असतील, तर शीट आधी ओव्हनमध्ये ठेवून ताण काढावा. कागद, फिल्म पूर्ण काढून शीट सपाट ठेवायचं, ८० अंश सेल्सियसला १२ मिमी शीट साधारण तीन-चार तास, मग ओव्हन बंद करून दार न उघडता थंड होऊ द्यायचं. घरगुती ओटीजीच्या बटणावरचा आकडा भरवशाचा नसतो, आत वेगळा थर्मामीटर ठेवाच. शंभराच्या वर गेलं की शीट वाकतं.

क्लोरोफॉर्मने चिकटवणाऱ्यांनी क्रम नीट पाळा: ड्रिल, आटे, धुणं, ओव्हन, मग चिकटवणं, आणि स्क्रू सगळ्यात शेवटी. सॉल्व्हंट आट्यांत ओघळू देऊ नका, आणि स्क्रू आवळण्याआधी निदान एक दिवस जाऊ द्या. वाफ उडून जायच्या आत स्क्रूचा ताण आला तर भोकाभोवती चिरा पडतातच.

स्क्रू बसवणे

सपाट बुडाच्या डोक्याचा मशीन स्क्रू घ्या, पॅन हेड किंवा ॲलन. काउंटरसंक स्क्रूचं डोकं पाचरीसारखं भोक फाकवतं, आणि पत्र्याचे सेल्फ टॅपिंग स्क्रू तर आटे फाडूनच जातात. डोक्याखाली नायलॉनचा किंवा सिलिकॉनचा वॉशर घाला. मऊ पीव्हीसीचे वॉशर टाळा, त्यांतला मऊपणा आणणारा पदार्थ हळूहळू झिरपून अ‍ॅक्रिलिक खराब करतो. धातूत चालणारा, हवा न लागता घट्ट होणारा थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ नये म्हणून लावायचा गोंद) इथे पूर्ण वर्ज्य आहे, तो अ‍ॅक्रिलिकला तडे पाडतो.

झाकणातलं भोक एम ४ ला ४.५ ते ५ मिमी ठेवा. अ‍ॅक्रिलिकवर अ‍ॅक्रिलिक असेल तर दोन्ही सारखेच फुगतात आणि एवढी मोकळीक पुरते. नेमप्लेट किंवा पाटी अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीवर लावायची असेल तर गणित वेगळं. अ‍ॅक्रिलिक दर अंशाला मीटरमागे साधारण ०.०७ मिमी वाढतं, अ‍ॅल्युमिनियम ०.०२३. विदर्भातल्या मे महिन्यात काळी पाटी रात्रीच्या मानाने उन्हात ३० अंशांनी सहज जास्त तापते. एक मीटरच्या पाटीत तेवढ्याने दोघांच्या लांबीत जवळपास दीड मिमीचा फरक पडतो. मधला एक स्क्रू घट्ट भोकात, बाकीच्यांची भोकं लांबट करा.

आवळताना आधी स्क्रू बोटांनी फिरवा. तो शेवटपर्यंत बोटांनीच जायला हवा. डोकं वॉशरला टेकलं की पान्याने पाव फेऱ्याहूनही कमी. इम्पॅक्ट ड्रायव्हर किंवा बॅटरीचा स्क्रूड्रायव्हर वापरू नका. सगळे स्क्रू आधी सैल बसवून मग समोरासमोरचे आळीपाळीने आवळा, म्हणजे झाकण एका बाजूला खेचलं जाणार नाही.

झाकण रोज उघडायचं असेल किंवा शीट पातळ असेल

अ‍ॅक्रिलिकमधले आटे अधूनमधून उघडण्यापुरते आहेत. वारंवार उघडणार असेल तर तारेचा स्प्रिंगसारखा इन्सर्ट (भोकात बसवायचा, आटे असलेला धातूचा तुकडा) त्याच्या खास टॅपने आटे पाडून बसवा, किंवा बाहेरून खडबडीत असलेला पितळी इन्सर्ट थोड्या मोठ्या भोकात इपॉक्सीने चिकटवा. तापवून किंवा ठोकून बसवायचे इन्सर्ट थ्रीडी प्रिंटमध्ये छान चालतात, इथे ते भिंतीत ताण भरतात. पातळ शीटला लेझरने इंग्रजी टी आकाराची खाच कापून तिच्यात नट बसवणं सगळ्यात सोपं. खाचेचे आतले कोपरे मात्र गोल ठेवायला सांगा, टोकदार कोपऱ्यातूनच चीर निघते.

आटे झडले तर

आपल्या उदाहरणात एम ४ चे आटे झडले म्हणून एम ५ करावंसं वाटेल, पण १२ मिमीच्या कडेला तो जास्त होतो. झडतात ते स्क्रू बसलेल्या भागातले आटे, खालचा माल शाबूत असतो. भोक २२ मिमी खोल करा, त्याच टॅपने आटे आणखी खाली न्या आणि २० मिमीचा स्क्रू घाला. वरचे आटे निकामी असले तरी खालचे चार मिमी नवे मिळतात. झाकण हलकं असेल तर एवढ्यावर भागतं. जड असेल तर पितळी इन्सर्टचाही मोह टाळा, कारण त्याला लागणारं मोठं भोक या कडेत मावत नाही. जुनं भोक तसंच सोडून १५-२० मिमी बाजूला नवं भोक घ्या आणि झाकणाला त्या जागी नवं भोक पाडा. भोकातून चीर निघालेली दिसली तर ती जिथे संपते त्या टोकाच्या किंचित पुढे २ मिमीचं भोक आरपार पाडा, म्हणजे ती सहसा पुढे जात नाही. त्या भोकात मात्र पुन्हा स्क्रू आवळू नका.